चवदार तळ्याचा दावा आणि वकिलाचे कपाट

मार्च महिना लागला की आपल्या खोपोलीत महाडची चर्चा सुरू होते. गाडी कोणाची ठरली, किती माणसे झाली, लहान पोरांना न्यायचे की नाही, भाकरी घरून बांधून घ्यायची की तिकडे भोजनदानाची सोय आहे, असे सगळे विषय निघतात. २० मार्चला चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतल्याशिवाय ज्यांचे वर्ष पुरे होत नाही, अशी कितीतरी घरे आपल्या खालापूर आणि कर्जत तालुक्यांत आहेत. महाड आपल्याच जिल्ह्यातले. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासूनचा रायगड. त्यामुळे तो लढा आपल्याला घरचा वाटतो आणि ते बरोबरच आहे.

तळ्यावर काय घडले हे आपल्या आयाबायांनाही तोंडपाठ आहे. कोर्टात काय घडले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. "पुढे केस झाली आणि बाबासाहेब जिंकले," एवढ्या एका वाक्यात आपण जवळजवळ दहा वर्षे गुंडाळून टाकतो. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्या दहा वर्षांविषयी लिहायचे ठरवले. कारण तो लढा काठीने नाही, कागदाने आणि पुस्तकाने लढला गेला. वकील पुस्तकात काय शोधतो, कुठे शोधतो आणि सापडलेले कसे वापरतो, हे समजल्याशिवाय तो विजय पुरता समजत नाही. आणि आजही कोर्टाची नोटीस हातात पडली की आपला माणूस गांगरतो. म्हणून हा विषय जुना असला तरी शिळा नाही.

दावा काय होता?

आधी घटना क्रमाने पाहू. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली व चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावीत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण खुले झाले ते कागदावर. तळ्यावर जायची सोय प्रत्यक्षात नव्हतीच.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्यायली. परतताना आपल्या लोकांवर हल्ले झाले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. तेव्हा डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे जाहीर झाले.

आणि इथेच कोर्ट मध्ये आले. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा दाखल झाला. वादी पांडुरंग रघुनाथ धारप, नरहरी दामोदर वैद्य वगैरे सवर्ण मंडळी. प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. वाद्यांचे म्हणणे असे की, तळे हे स्पृश्य वर्गाच्या खाजगी मालमत्तेसारखे आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा किंवा पाणी घेण्याचा हक्क नाही, म्हणून त्यांना कायमची मनाई करावी. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद सुरू झाली. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो माणसे तळ्यावर जाण्याच्या तयारीने आली होती. मनाईहुकूम मोडायचा की पाळायचा, यावर मोठा खल झाला. शेवटी बाबासाहेबांच्या सल्ल्याने सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला आणि पाण्याला हात न लावता मिरवणूक काढून परिषद संपली.

एवढे लोक जमले असताना बाबासाहेब मागे का फिरले, असे आजही तरुण मुले विचारतात. आम्हाला वाटते, त्याचे एक उत्तर वकिलीत आहे. तात्पुरता मनाईहुकूम म्हणजे निकाल नव्हे. दाव्याचा फैसला होईपर्यंत "आहे तसे राहू द्या" एवढेच तो सांगतो. तो उठवायची जागा म्हणजे तेच कोर्ट. हुकूम मोडला असता तर भांडण तळ्याचे न राहता कोर्टाच्या अवमानाचे झाले असते, आणि सरकार आपल्या विरुद्ध उभे राहिले असते. बाबासाहेबांनी तो लढा कोर्टात नेला. २३ फेब्रुवारी १९२८ ला तो मनाईहुकूम त्याच कोर्टाने उठवला. सव्वादोन महिन्यांत!

पण मूळ दावा चालूच राहिला.

वकील पुस्तकात काय शोधतो?

वकिलाच्या ऑफिसात गेलात तर भिंतीला लागून काचेची कपाटे दिसतात. सारख्या रंगाची जाडजूड बांधणी, पाठीवर सोनेरी आकडे. आपल्याला वाटते ती शोभेसाठी ठेवलीत. काही ठिकाणी असतीलही! पण ती मुळात वकिलाची हत्यारे आहेत. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, तशी.

ही पुस्तके साधारण तीन जातींची. पहिली जात म्हणजे खुद्द कायदे. विधिमंडळाने केलेला कायदा, त्याची कलमे, बस्स. दुसरी जात म्हणजे निकालांचे खंड. वरच्या कोर्टांनी जे निकाल दिले ते छापून ठेवलेले असतात, कारण वरच्या कोर्टाने एका प्रश्नाचे जे उत्तर दिले ते खालच्या कोर्टाला पाळावे लागते. तिसरी जात म्हणजे टीकाग्रंथ. एकेका कायद्यावर जाणकाराने लिहिलेले भाष्य, जसे मुल्ला यांचे हिंदू कायद्यावरचे पुस्तक. याशिवाय निकालांची विषयवार सूची असते. त्यात "रूढी", "तलाव", "मंदिर" असा विषय काढला की कोणते निकाल कुठे छापलेत ते कळते.

निकाल छापण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. १८७५ च्या कायद्यानंतर सरकारी 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' निघू लागले. १८९९ पासून मुंबईत 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू झाले. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे खंड १९१४ सालापासूनचे मिळतात. वकील आपसात बोलताना "एकोणचाळीस बॉम्बे लॉ रिपोर्टर, बाराशे पंचाण्णव" असे काहीतरी म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते मंत्र चाललाय. त्यात मंत्रबिंत्र काही नाही. खंड एकोणचाळिसावा, पान बाराशे पंचाण्णव, एवढाच अर्थ. आणि हा आकडा आम्ही मुद्दाम दिला आहे. चवदार तळ्याचा उच्च न्यायालयाचा निकाल नेमका त्याच पानावर छापलेला आहे. 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये तोच निकाल १९३८ च्या मुंबई भागात पान १४६ वर आहे. आपल्या मुलामुलींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत असे हे दोन पत्ते आहेत.

आता तळ्याच्या दाव्यात शोधायचे काय होते? वाद्यांचा मालकीचा मुद्दा टिकण्यासारखा नव्हता. तळे नगरपालिकेचे आहे असेच कोर्टात ठरले. मग सारा भार आला रूढीवर. "मालकी नसेना का, पण पिढ्यान् पिढ्या अस्पृश्य या तळ्यावर आलेले नाहीत, ही रूढी आहे आणि रूढी म्हणजे कायदाच," असा तो युक्तिवाद.

रूढीला कायद्याचा मान मिळतो हे खरे. पण कोणत्याही रूढीला नाही. कायद्याच्या पुस्तकांत तिच्या अटी सांगितल्या आहेत. ती फार प्राचीन हवी, अखंड चालत आलेली हवी, निश्चित स्वरूपाची हवी, वाजवी हवी. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तर "स्मरणापलीकडचा काळ" म्हणजे इ. स. ११८९ च्या आधीचा, अशी रेघच ओढलेली होती! आपल्याकडे कोर्टांनी इतके ताणले नाही, तरी "आमच्या आज्यापासून असंच आहे" एवढे पुरत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, जो रूढी सांगतो त्यानेच ती सिद्ध करायची असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुस्तकांत सगळे आपल्या बाजूचे नव्हते. मंदिरप्रवेशाच्या खटल्यांचे निकाल उलट गेलेले होते. दक्षिणेतल्या कमुदी गावच्या मंदिराच्या खटल्यात नाडार समाजाला प्रवेशाचा हक्क नाही, असा निकाल १९०८ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिलेला होता. त्याच्या वर तेव्हा दुसरे कोर्ट नव्हते. अशा वेळी कच्चा वकील विरोधातला निकाल झाकून ठेवतो आणि समोरच्या वकिलाने तो काढला की तोंडघशी पडतो. पक्का वकील तो आधी वाचतो आणि स्वतःला विचारतो: त्या खटल्यात आणि माझ्या खटल्यात फरक काय? तो फरक सापडला की वाट सापडली.

मंदिर आणि तळे यांत फरक आहे, हाच तो दुवा होता. तो पुढे उच्च न्यायालयाने स्वीकारला.

बाबासाहेबांचे ग्रंथ

ही शोधाची विद्या बाबासाहेबांनी कुठे मिळवली, तेही थोडक्यात पाहू. १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला आल्यावर त्यांनी बॅरिस्टरीसाठी 'ग्रेज इन' या संस्थेत नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणबुडीने बुडवली आणि त्याबरोबर त्यांची पुस्तकेही समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर पुस्तकांचा नाद सोडला असता. ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताच जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, हा त्यांचा दिनक्रम आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पोट मारून पुस्तके घ्यायची, हेही ऐकलेले आहे. जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली.

ज्या ग्रेज इनमध्ये ते शिकले तिथले ग्रंथालय १९४१ साली दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळाले. हजारो ग्रंथ गेले. पुस्तक पाण्यात बुडते, आगीत जळते. डोक्यात उतरलेले मात्र बुडत नाही की जळत नाही.

वकिली सुरुवातीला ओढाताणीचीच होती. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम कोण आणणार? पोटासाठी त्यांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पण कामातून नाव होत गेले. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांच्या बाजूने ते १९२६ साली पुण्यात उभे राहिले आणि अपिलात ते सुटले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या खटल्यातही ते आरोपीच्या बाजूने लढले. तो खटला हरले, पण लढले. जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्यांना तळ्यावर पाणी पिऊ द्यायचे नाही म्हणून दावा चालू होता, तेच त्या दाव्याच्या काळात मुंबई इलाख्यातल्या भावी वकिलांना कायदा शिकवत होते! कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ साली कॉलेजच्या मासिकात लेखही लिहिला.

दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह तर पुस्तकांसाठीच बांधलेले घर. माणसे घर बांधतात आणि उरलेल्या जागेत पुस्तके ठेवतात. बाबासाहेबांनी उलटे केले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले, ते याच विचाराने: कायद्याची पुस्तके आपल्या मुलांच्या हाताशी यावीत.

तीन कोर्टे, तीन निकाल

महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ ला दावा फेटाळला. अस्पृश्य तिथे जात नव्हते हे खरे, पण एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याला अडवायचा हक्क मिळत नाही, असे त्या कोर्टाचे म्हणणे पडले. वादी ठाण्याच्या कोर्टात अपिलात गेले. महाडचे अपील त्या काळी ठाण्याला जाई. तिथे ३० जानेवारी १९३३ ला अपील फेटाळले गेले. मग ते उच्च न्यायालयात गेले.

१७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. तळ्यावर ओंजळ भरली त्याला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. न्यायालयाने काय पाहिले? रूढी प्राचीन काळापासूनची आहे हे वाद्यांना सिद्ध करता आले नाही. तळे भर वस्तीत, भोवती सवर्णांची घरे, त्यामुळे अस्पृश्य तिथे जात नसतील. पण न जाणे वेगळे आणि जायला हक्क नसणे वेगळे. मुसलमानांना तळे वापरायला आडकाठी नव्हती, म्हणजे ते फक्त सवर्ण हिंदूंसाठी राखलेले होते असेही म्हणता येईना. आणि मंदिराचे निकाल? मंदिर अमुक लोकांसाठीच अर्पण केले असावे असे जुन्या वहिवाटीवरून गृहीत धरता येईल, पण सार्वजनिक तळ्याबाबत तसे गृहीत धरता येत नाही. अपील फेटाळले.

वाचकहो, हा निकाल आम्ही जेव्हा नीट समजून घेतला तेव्हा आनंदाबरोबर एक धक्काही बसला. अस्पृश्यता बेकायदा आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ते एवढेच म्हणाले की, इथे रूढी सिद्ध झाली नाही. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या तळ्यावर कोणी जुनी सनद किंवा पक्का दाखला काढून दाखवला असता तर? तर कदाचित निकाल उलटा लागला असता. कारण १९३७ साली कायद्याच्या पुस्तकात "असा भेद करता येणार नाही" असे सांगणारे कलमच नव्हते. मोठ्यातला मोठा वकील असला तरी जे पुस्तकात नाही ते तो कुठून काढणार?

याचे उत्तर तेरा वर्षांनी मिळाले. २६ जानेवारी १९५० ला संविधान अंमलात आले. त्याचे १५ वे कलम उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव आणि स्नानघाट असे शब्द लिहिलेले आहेत. शासनाच्या पैशाने चाललेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात "तलाव" हा शब्द का आला असेल, हे महाडच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला, तोच पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला.

मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे आम्ही सांगायला नको. आयुष्यभर जो माणूस पुस्तकात कायदा शोधत राहिला, त्याने पुस्तकात जे नव्हते ते तिथे लिहून ठेवले. आता वकिलाला रूढीचा काथ्याकूट करायची गरज नाही. कलम काढायचे आणि समोर ठेवायचे.

आज आपल्या वस्तीत

एवढे सांगून लेख संपवला तर तो नुसता गौरव होईल. बाबासाहेबांचे अनुकरण करायचे तर आपल्या घराकडे पाहिले पाहिजे.

आपल्या घरात कागद कुठे असतात? बहुतेक ठिकाणी गादीखाली, नाहीतर पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिका आणि लाइट बिलाच्या गठ्ठ्यात. आजोबांच्या वतनी जमिनीचा उतारा, जातीचा दाखला, कारखान्याची पगारपत्रके, भूसंपादनाची नोटीस, सगळे एकत्र. वकिलाने विचारले की शोधाशोध आणि मग "पावसात भिजला". आम्ही स्वतः हे भोगले आहे. महत्त्वाचा एक कागद वेळेवर न सापडल्यामुळे आमच्यातल्या एका घराला दोन वर्षे हेलपाटे पडले. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमचीच होती. चवदार तळ्याच्या दाव्यात वादी कशात हरले? पुराव्यात. ज्याच्याकडे कागद नाही त्याचे बोलणे कितीही जोराचे असो, कोर्टात ते वाऱ्यावर जाते.

वतनाचेच पाहा. महार वतन १८७४ च्या कायद्याने बांधलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात त्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. शेवटी ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी अटींवर पुन्हा देण्याची तरतूद झाली. त्या अटींपैकी एक म्हणजे परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. कितीतरी घरांना ही अट माहीतच नव्हती. माहिती पुस्तकात होती, आपल्यापर्यंत आली नाही.

दुसरी गोष्ट. कायदा बदलत असतो. जुने पुस्तक उघडून बसलो तर फसगत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. त्याहून आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण ॲट्रॉसिटी कायद्याचे, म्हणजे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे. २० मार्च २०१८ ला, नेमक्या चवदार तळ्याच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात अटकेपूर्वी चौकशी व परवानगीच्या अटी घातल्या. देशभर आंदोलन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून त्या अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःच आपले ते आदेश मागे घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये नवे कलम वैध ठरवले. आता समजा, कोणी फक्त २०१८ चा निकाल वाचून आपल्याला सांगितले की "आधी चौकशी, मग गुन्हा," तर आपण मुकाट्याने परत येऊ. म्हणून वकील निकाल सापडला की आणखी एक गोष्ट बघतो: हा आजही उभा आहे का? आपणही तेच विचारायला शिकले पाहिजे.

पूर्वी ही माहिती मिळवणे अवघड होते. निकालांचे संच महाग, तालुक्याच्या वकिलाला परवडत नसत, आणि चांगले ग्रंथालय म्हणजे मुंबई. भाषा इंग्रजी. आज तसे राहिलेले नाही. १९९८ पासून महाराष्ट्रात उच्च न्यायालयाखालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे छापील निकाल २०२३ पासून मोबाइलवर फुकट वाचता येतात, त्यातले बरेच मराठीतही भाषांतरित झाले आहेत. केंद्राचे कायदे सरकारी संकेतस्थळावर मिळतात. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड काढले, त्यांच्या सतराव्या खंडात महाडच्या लढ्याची कागदपत्रे आहेत. वसंत मून यांनी ज्या चिकाटीने हे काम उभे केले त्याला तोड नाही.

आणि फी भरायला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो. त्यासाठी अलिबागला जिल्हा पातळीवर आणि तालुक्याला कोर्टात समिती असते. खालापूर किंवा कर्जतच्या कोर्टात जाऊन अर्ज करायचा. हा उपकार नाही, हक्क आहे.

एक कपाट

शेवटी आमची एक सूचना. विहाराच्या हॉलमध्ये एका भिंतीला एक कपाट उभे करावे. फार मोठे नको. त्यात मराठीतले संविधान, अत्याचार प्रतिबंधक कायदा, नागरी हक्क संरक्षण कायदा, भारतीय न्याय संहिता, माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा, वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आणि चवदार तळ्याच्या निकालाची एक प्रत असावी. दर वर्षी वर्धापनदिनाला आपल्यातल्या एखाद्या कायदा शिकणाऱ्या मुलीने किंवा मुलाने ती पुस्तके तपासावीत, जुनी झालेली बाजूला काढावीत, नवी आणावीत. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसून एकेक कलम मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावे. आणि ज्यांच्या घरी कागद गादीखाली आहेत त्यांनी ते घेऊन यावेत, आम्ही बसून लावून देऊ.

येत्या २० मार्चला आपण पुन्हा महाडला जाऊ. तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना तीन कोर्टांच्या पायऱ्या झिजवणारी ती दहा वर्षेही आठवू. गाडीत जागा असेल तर त्या निकालाची प्रत बरोबर घेऊ आणि तळ्याच्या काठावर बसून पोरांना दोन पाने वाचून दाखवू.

जयभीम!